‘नाही’ म्हटलं की सरकारी नोकरी

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचं संकेतस्थळ ज्याने कोणी बांधलं, त्याने मराठी बाईला कधी साधा प्रश्न विचारलेला नसावा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर ई-केवायसीची नवी पानं चढली. कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य. पुढे होय किंवा नाही. आमच्या झाडीपट्टीतली, नागभीडकडची धान कापणारी बाई यावर काय म्हणेल? ‘नाई जी, कोणीच नाई.’ मागे रांग लागलेली, ऑनलाइनवाला पोरगा ‘नाही’ दाबून मोकळा. संगणकाच्या लेखी तिच्या घरात सरकारी नोकर निघाला आणि महिन्याचे १५०० रुपये बंद! झाडीपट्टीतली बेकारी आजवर एकाही सरकारला हटवता आली नव्हती, या पानाने ती एका टिचकीत हटवली.

वर ठपका कोणावर? बायांवर. त्यांनी म्हणे चुकीचा पर्याय निवडला.

मुदतही कशी बघा. १८ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने दोन महिने दिले, ते ऐन धान कापणीच्या तोंडावर. आधी बाईचा आधार, मग नवऱ्याचा किंवा बापाचा, आणि दोन्हीकडे ओटीपी. नवरा दूर मजुरीला गेलेला. रेंज शोधून तो आकडे सांगेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. आणि नवराही नाही, बापही नाही, तिने कोणाचा आधार टाकायचा? रकाना आखणाऱ्याच्या डोक्यात विधवा आलीच नाही. ओरड झाली तेव्हा मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली आणि अशा बायांनी नवऱ्याच्या किंवा बापाच्या मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं ठरलं. चुकलेलं उत्तर दुरुस्त करायची सोयही मागाहून सुचली, तीही एकदाच. जानेवारी २०२६ मध्ये प्रत्यक्ष पडताळणी पुन्हा त्याच सेविकांच्या गळ्यात. मग संकेतस्थळाने केलं काय?

या योजनेचे पैसे पुरुषांनीही उचलले. छाननी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण बायांचे पैसे जितक्या तत्परतेने थांबले, तितक्या तत्परतेने हे पान बनवणाऱ्याचं बिल कोणी थांबवलं का?

अडकलेले हप्ते आधी खात्यात टाका, पडताळणी मागाहून करा. आणि पुढच्या वेळी सरळ विचारा: घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?