उत्तराचे व्याकरण



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. व्याकरणाच्या तासाला आम्हांला 'पद-परिचय' असे. वाक्यातला एकेक शब्द घेऊन त्याची जात, लिंग, वचन, कारक सांगायचे. मराठी शाळेत यालाच शब्दांचे व्याकरण चालवणे म्हणत. इंग्रजीत त्याला 'पार्सिंग' म्हणतात आणि संगणकशास्त्राने हाच शब्द उचलला आहे. आपल्या शाळेत संगणकाच्या तासाला टायपिंग आणि चित्रे काढण्यापलीकडे जाऊन हे पार्सिंग शिकवले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण आपल्या तुरीचेच घेऊ. केंद्र सरकारने २०१२ मध्ये खुल्या माहितीचे पोर्टल सुरू केले. त्यावर देशभरातील बाजारांचे रोजचे दर मिळतात. आपल्या प्रोग्रामने दर मागितले की सर्व्हर 'जेसन' नावाच्या मांडणीत उत्तर पाठवू शकतो. त्यात महिरपी कंसात जोड्या असतात. जिल्हा, बाजार, शेतमाल, तारीख, किमान दर, कमाल दर अशी नावे आणि प्रत्येकापुढे त्याचे मूल्य. प्रोग्रामला मात्र ही सुरुवातीला अक्षरांची एक लांबलचक ओळच असते. ती फोडून प्रत्येक मूल्य त्याच्या नावाखाली लावणे म्हणजे पार्सिंग. पायथन भाषेत हे काम एका ओळीत होते. खरी कसोटी त्यानंतर लागते.

जेसनमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला आकडा हा आकडा नसतो, मजकूर असतो. तुरीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८००० रुपये ठरला. समजा, बाजारात १०००० चा दर आला आणि दोन्ही मजकूर म्हणूनच राहिले. संगणक पहिले अक्षर पाहतो. ८ पेक्षा १ लहान, म्हणून १०००० हा दर हमीभावाहून कमी आहे, असे तो बेधडक सांगेल! त्यावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याचे काय होईल?

दराची जागा रिकामी असली तर तिला शून्य धरायचे का? धरले तर महिन्याची सरासरी विनाकारण खाली येते. रिकामे म्हणजे 'माहिती नाही', शून्य नव्हे.

नावांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. तरी आपल्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते 'गुलबर्गा तूरडाळ' या नावाने. अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्रामला हे दोन वेगळे जिल्हे वाटतील आणि २०१४ च्या आधीचे सारे दर हिशेबातून गळतील.

आणखी एक गोष्ट. सर्व्हरने २०० हा क्रमांक पाठवला म्हणजे विनंती यशस्वी झाली, एवढेच ठरते. आत आलेली माहिती बरोबर आहे, असे त्यातून ठरत नाही.

काही पालक विचारतात, "सर, आता एआयच प्रोग्राम लिहून देते, मग मुलांनी हे कशाला शिकायचे?" प्रश्न रास्त आहे. एआय प्रोग्राम लिहून देईल. पण रिकाम्या जागेचा अर्थ काय, हे दोन जिल्हे एकच आहेत का, हे ज्याला कळते तोच त्या प्रोग्रामची चूक पकडील. आपल्या मुलांची यात तयारी आधीच झालेली आहे. एकच नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत वेगवेगळे लिहिले जाते, हे सीमाभागातल्या मुलाला सांगावे लागत नाही.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती छोटी आहे. नवे संगणक नकोत. आठवी-नववीला आठवड्यातून एक तास द्यावा. नेट नसले तरी अडणार नाही. एका दिवसाच्या दरांचे उत्तर आधीच साठवून ठेवता येते. पहिले दोन तास तर कागदावरच पुरतील. उत्तर छापून द्यायचे आणि मुलांनी पेन्सिलीने खुणा करायच्या. हे नाव, हे मूल्य, हा आकडा, हा मजकूर, ही रिकामी जागा.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर मिळणे आता सोपे झाले आहे. ते नीट वाचून, तपासून मगच खरे मानण्याची सवय मात्र शाळेतच लागावी लागते.