पित्त आणि पित्ताशय

गेल्या चंपाषष्ठीस आमच्या जळगांवच्या घरीं शिरस्त्याप्रमाणें वांग्याचें भरीत व कळण्याच्या पुऱ्या झाल्या. त्याच रात्रीं थोरल्या सूनबाईंच्या उजव्या बरगडीखालीं कळ उठली व पाठींतून उजव्या खांद्यापर्यंत गेली. घरांत पाहुण्यांची गर्दी. सूनबाई आमसुलाचें सार घेऊन मुकाट्यानें निजल्या. "पित्त झालें असेल," असें आम्हीं सर्वांनींच म्हटलें. दुसरे दिवशीं ताप व वांत्या सुरू झाल्या. तेव्हां धुळ्याहून आलेले आमचे धाकटे बंधु रागावून म्हणाले, "दादा, पित्त पित्त काय म्हणतां? आधीं डॉक्टरांकडे नेऊन सोनोग्राफी करा!"

संस्कृत जाणणाऱ्यासही येथें 'पित्त' हा शब्द चकवितो. छातींतील ज्या जळजळीस आपण पित्त म्हणतों, ती बहुधा जठरांतील आम्लाची असते. यकृतांत तयार होणारा पित्तरस निराळा. तो पित्ताशयांत सांठतो, आणि स्निग्ध अन्न पोटांत गेलें कीं पित्ताशय आकुंचन पावून तो आंतड्यांत सोडतें. त्याच्या तोंडाशीं खडा अडकला तर कळ येते. अडकूनच राहिला तर दाह होतो.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधिले. परंतु बहुतेक पित्तखडे त्यांत दिसत नाहींत. १९२४ सालीं अमेरिकेंत ग्रॅहॅम व कोल यांनीं रोग्यास विशिष्ट द्रव्य देऊन पित्ताशयाची छाया टिपली. आज प्रथम सोनोग्राफी करितात. तींत किरण नसून ध्वनिलहरी असतात. रोग्यास कांहीं तास उपाशी ठेवितात, कारण भरलेलें पित्ताशय स्पष्ट दिसतें. खड्यामागें सांवली पडते. परंतु नुसता खडा म्हणजे दाह नव्हे. भिंत ३ मिलिमीटरांहून जाड, भोंवतीं पाणी, आणि नेमकें तेथेंच दाबलें असतां रोग्याचें कळवळणें, हीं दाहाचीं चिन्हें होत. डॉक्टर तीं ताप व रक्ततपासणी यांशीं ताडून पाहतात. तरीही संशय उरला तर हायडा तपासणी असते. शिरेंतून दिलेलें किंचित् किरणोत्सर्गी द्रव्य यकृतांतून पित्ताशयांत उतरलें नाहीं, तर वाट बंद आहे असें समजतें.

सूनबाईंची भिंत ५ मिलिमीटर भरली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें पित्ताशय काढिलें. ही शस्त्रक्रिया भारतांत प्रथम १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनीं केली. सूनबाई आतां बऱ्या आहेत.

त्या रात्रीं त्या गप्प राहिल्या याचें घरांत कौतुक झालें. मला मात्र त्याची लाज वाटते. बरगडीखालची कळ कांहीं तासांत न थांबली, ताप आला वा डोळे पिवळे दिसले, तर मोरावळ्याची बरणी बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गांठावा. आणि घरांतील सुनेस, "तुझें कोठें दुखतें?" असें आपण होऊन विचारावें.