अकाउंट डिलीट केलं, पण त्याच्या कॉपीचं काय? 'डेटा वेअरहाऊस'मधला न दिसणारा प्रश्न

एखाद्या ॲपमधलं अकाउंट तुम्ही डिलीट करता आणि 'तुमचा डेटा काढून टाकला आहे' असा मेसेज येतो. हा मेसेज खोटा असेलच असं नाही. पण ॲप ज्या डेटाबेसवर चालतं तिथली नोंद पुसली गेली, तरी तिची कॉपी कंपनीच्याच दुसऱ्या यंत्रणेत शिल्लक राहू शकते. या यंत्रणेला 'डेटा वेअरहाऊस' म्हणतात.

आजवर हा विषय इंजिनिअर मंडळींपुरता होता. आता त्याला कायद्याची बाजूही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्या अधिसूचनेनुसार मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत.

एकच डेटा दोन ठिकाणी कशासाठी?

अनेक ॲप्स मोंगोडीबीसारखा 'डॉक्युमेंट डेटाबेस' वापरतात. यातलं प्रत्येक डॉक्युमेंट म्हणजे जणू एका ग्राहकाची फाइल. नाव, फोन नंबर, दोन-तीन पत्ते, आवडीनिवडी असं सगळं एकत्र. एका ग्राहकाची माहिती झटकन काढायला हे सोयीचं असतं.

पण 'गेल्या तीन महिन्यांत नाशिकमध्ये काय जास्त खपलं?' असा प्रश्न आला की लाखो फायली चाळाव्या लागतात. हा भार चालू ॲपवर टाकला तर ग्राहकांसाठी ते मंदावू शकतं. म्हणून डेटाची कॉपी बिगक्वेरी, स्नोफ्लेक किंवा रेडशिफ्टसारख्या वेअरहाऊसमध्ये नेली जाते. तिथे माहिती रकान्यांनुसार साठवलेली असते. त्यामुळे हवे तेवढेच रकाने वाचून हिशेब पटकन लागतो.

कॉपी होते कशी?

ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली: दर वेळी सगळा डेटा नव्याने उचलायचा आणि जुनी कॉपी बदलून टाकायची. पद्धत सरळ आहे, पण डेटा वाढला की वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

दुसरी: फक्त नवं आणि बदललेलं उचलायचं. प्रत्येक नोंदीवर 'शेवटचा बदल कधी झाला' ही वेळ असते. मागच्या कॉपीनंतरची वेळ असलेल्या नोंदीच घ्यायच्या. ही पद्धत स्वस्त पडते.

तिसरी: डेटाबेसमधल्या बदलांची रोजनिशी वाचत राहायचं. मोंगोडीबीत तिला 'ऑपलॉग' म्हणतात. नोंद आली, बदलली की पुसली गेली, हे तिच्यात क्रमाने लिहिलं जातं.

मग गडबड कुठे होते?

मुख्यतः दुसऱ्या पद्धतीत. पुसलेली नोंद मूळ डेटाबेसमध्ये उरतच नाही. मग 'नवं आणि बदललेलं' या यादीत ती येणार कुठून? वेअरहाऊसला नोंद पुसल्याचं कळतच नाही आणि तिथली जुनी कॉपी तशीच राहते. यात कोणी लबाडी केलेली नसते. एररही येत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी पद्धत पुसलेल्या नोंदी पकडते, पण ऑपलॉगची जागा मर्यादित असते. जागा भरली की जुन्या ओळी निघून जातात. कॉपी करणारी यंत्रणा बराच वेळ बंद राहिली, तर मधल्या काळातले बदल निसटू शकतात. शिवाय वेअरहाऊसमधून कोणी एक्सेल फाइल काढून घेतली असेल, तर ती आणखी एक कॉपी झाली.

कायदा काय म्हणतो?

संमती मागे घेतली किंवा डेटा घेण्याचा उद्देश संपला, तर कंपनीने तो पुसायला हवा. प्रक्रियेसाठी दुसऱ्या कंपनीकडे दिलेला डेटाही तिच्याकडून पुसून घ्यायला हवा. ही जबाबदारी मोडल्यास ५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्थात त्याला अपवादही आहेत. दुसऱ्या कायद्यानुसार नोंदी जपणं बंधनकारक असेल तर त्या ठेवता येतात. नव्या नियमांतही काही कारणांसाठी डेटा आणि लॉग किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे 'डिलीट' दाबलं की त्याच क्षणी सगळं पुसलं जाईल, असं कायदाही म्हणत नाही. पण कायद्याने ठेवायला लावलेली कॉपी वेगळी आणि कोणाच्या लक्षातच न आल्यामुळे राहिलेली कॉपी वेगळी.

उपाय काय?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नको ते कॉपीच न करणं. नाशिकमधला खप मोजायला शहर आणि वस्तू पुरेशी आहे, ग्राहकाचा फोन नंबर लागत नाही. दुसरा उपाय, दोन्हीकडच्या नोंदींचे आयडी ठरावीक काळाने ताडून पाहणं. मूळ डेटाबेसमध्ये नसलेला आयडी वेअरहाऊसमध्ये सापडला, तर चौकशी करायची.

आणि तुम्ही? ॲप फोनमधून काढून टाकणं म्हणजे अकाउंट डिलीट करणं नव्हे, हे आधी लक्षात घ्या. अकाउंट बंद करताना डेटा पुसण्याची विनंती लेखी करा. 'ॲनालिटिक्ससाठी ठेवलेली कॉपीही पुसली जाते का आणि किती दिवसांत?' हे त्यात स्पष्ट विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेच कामी येईल.