आधी पारी, मग सारण

दिवाळी जवळ आली की करंजीचा विषय निघतो आणि तो दरवर्षी सारणापाशीच अडतो. ओला नारळ की सुकं खोबरं? गूळ की पिठीसाखर? खसखस किती? पारीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला हे मनापासून खटकतं. भरून, मुडपून तळायच्या पदार्थांचा इतिहास पाहिला तर सारणं आली नि गेली. टिकली ती पारी.

समोशाचंच घ्या. १२२६ साली बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या पाककृतींच्या पुस्तकात ‘संबुसज’ आहे. त्यात खिम्याचं सारण आहे, तसं साखर-बदामाचं गोडही आहे. पुढच्या शतकात इब्न बतूता दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी राहिला. शाही जेवणातल्या समोशाबद्दल त्याने लिहून ठेवलंय : खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला. सन १५०० च्या आसपास मांडूच्या सुलतानासाठी तयार झालेल्या ‘निमतनामा’ या सचित्र ग्रंथात समोशाच्या कितीतरी कृती आहेत आणि त्यांतल्या एकीतही बटाटा नाही. असणार कसा? तो अमेरिका खंडातला. आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांमुळे. म्हणजे ज्या सारणावाचून आज समोसा डोळ्यांपुढे येत नाही, ते सारण त्याच्या घरात फार उशिरा आलं. त्याच पोर्तुगीजांबरोबर समोसा गोव्यातून थेट लिस्बनला पोचला. तिथे तो आजही ‘शामुसा’ म्हणून मिळतो.

मुंबईत रमझानच्या संध्याकाळी मिनारा मशिदीच्या आसपास गेलात तर पट्टी समोसा जरूर खा, आणि खाताना पट्टीकडे लक्ष द्या. दोन पाऱ्यांमध्ये तेल-पीठ लावून त्या एकत्र लाटायच्या, तव्यावर अर्धवट शेकायच्या, गरम असतानाच अलग करायच्या आणि त्यांच्या पट्ट्या कापायच्या. इतकं केल्यावर कुठे ती कागदासारखी कुरकुरीत होते. पंजाबी समोशाची जाड, मोहन घातलेली पारी वेगळी आणि हैदराबादची चौकोनी लुखमी आणखी वेगळी.

करंजीचा गोतावळाही असाच पसरलेला. गोव्यात नेवरी (चतुर्थीलाही आणि नाताळच्या कुसवारातही), गुजरातेत घुघरा, उत्तरेत होळीची गुजिया, कर्नाटकात करजिकाई, तमिळनाडूत सोमासी. या सगळ्यांत आमची साट्याची करंजी मला सरस वाटते. हे माझं मत, पण कारण सांगते.

रवा दुधात भिजवायचा आणि मऊ होईपर्यंत कुटायचा. पूर्वी हे पाट्यावर चालायचं, आता मिक्सर आहे. मग तूप हलकं होईपर्यंत फेसून त्यात तांदळाची पिठी घालायची, हा साटा. तीन पातळ पोळ्या लाटून प्रत्येकीवर साटा लावायचा, एकीवर एक ठेवून घट्ट वळकटी करायची आणि लाट्या कापायच्या. खरं कसब इथे आहे : लाटी कापलेल्या बाजूने दाबायची आणि हलक्या हाताने लाटायची, म्हणजे पापुद्र्यांची वर्तुळं वर दिसतात. जोर लावलात तर सगळे पदर एकमेकांत जिरून जातात. साट्यातलं तूप पदर चिकटू देत नाही आणि तळताना पिठातल्या ओलाव्याची वाफ त्यांना उचलून धरते. आच मात्र मंद हवी. तापलेल्या तुपात घाईने सोडलेली करंजी वरून लाल होते, आतून कच्ची राहते.

कडेला दुधाचं बोट फिरवून कातण चालवलं की काम भरभर होतं, पण मला मुरड प्यारी. चिमटीत कड धरून आत दुमडत जायचं, प्रत्येक दुमड आधीच्या दुमडीवर अर्धी चढवायची. अशी करंजी तुपात सहसा उकलत नाही. सारणाला हात आखडता घेऊन केलेला खुळखुळा मात्र मुरडीनेही वाचत नाही. गौरी निघताना तिला मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य दाखवतात, तिने पुन्हा मुरडून यावं म्हणून. आमच्याकडे त्या दिवशी कातण डब्यातून बाहेर काढत नाहीत.

आता घरोघरी हे जमत नाही. नोकऱ्या आहेत, माणसं कमी आहेत, आणि फराळ करून देणाऱ्या बायकांचा संसार त्यावर चालतो. तेव्हा ऑर्डर जरूर द्या. पण ‘सारण कसलं’ एवढंच विचारून फोन ठेवू नका. साटा तुपाचा आहे की डालड्याचा, रवा किती वेळ भिजवता, कड कातता की मुरडता, हेही विचारा. मुरडीचे चार पैसे जास्त सांगितले तर घासाघीस करू नका. मुरड घालायला कातणापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.