जुन्या गळ्यातील जुनी गाणी

फोंडा महालातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे नाव न ऐकलेला गोमंतकीय विरळाच. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या या शिष्येने गायिलेली एक भैरवी आज पृथ्वीपासून अब्जावधी मैल दूर जाऊन पोहोचली आहे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसविली असून तीत जगातील २७ संगीतरचना साठविल्या आहेत. बाईंची भैरवी त्यांत आहे, हे आम्ही गोवेकर अभिमानाने सांगतो. तिच्या लगेच पाठोपाठ कोणते गाणे लागते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ते गाणे टेक्सास प्रांतातील ब्लाइंड विली जॉन्सन या अंध, कृष्णवर्णी गायकाचे आहे. त्यात एकही शब्द नाही. गिटारच्या तारेवरून सरकणारा सूर आणि त्याच्या जोडीला माणसाचे कण्हणे, एवढेच. गाण्याचे नाव एका जुन्या भक्तिगीतावरून घेतले आहे. ज्या रात्री प्रभू येशू गेथशेमाने बागेत एकटा प्रार्थना करीत होता, त्या काळोख्या रात्रीचे ते भक्तिगीत. हे कण्हणे १९२७ साली मुद्रित झाले. गाणारा १९४५ साली दारिद्र्यातच मरण पावला. केरीची गानसम्राज्ञी आणि रस्त्यावर गाणारा तो आंधळा आता शेजारी-शेजारी प्रवास करीत आहेत, कोणी न मागितलेला असा हा शेजार!

या विलीची आमची दुसरी गाठ पडली ती गेल्या वर्षी. आमच्या गावचा एक तरुण जहाजावर नोकरीस असतो. सुटीवर आला असता त्याने आम्हांस एक ध्वनिमुद्रिका ऐकविली. गाणारा रॅम्बलिन जॅक इलियट. १९३१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका डॉक्टरच्या घरी जन्मलेला हा ज्यू मुलगा पंधराव्या वर्षी घरातून पळाला, घोडेस्वारांच्या खेळांच्या तांड्यात शिरला आणि पुढे वुडी गथ्री या लोकगायकाच्या संगतीत राहून स्वतःही गाऊ लागला. आयुष्यभर त्याने गुराख्यांची व वाटसरूंची गाणी गायिली. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे २००९ साली, त्याने पहिल्या पिढीच्या ‘ब्लूज’ गायकांची दहा गाणी एकत्र गायिली. ‘ए स्ट्रेंजर हिअर’ हे त्या संग्रहाचे नाव, अर्थात ‘येथे मी परका’. विली जॉन्सनचे एक गीतही त्यात आहे. ही कल्पना निर्माता जो हेन्री याची होती. पुढील वर्षी या संग्रहास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

ब्लूज म्हणजे काय, असे आमचे वाचक विचारतील. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीतून सुटलेल्या, परंतु दारिद्र्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णी लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास ही गाणी रचली. विषय साधे: पोटाची ददात, दूर गेलेले माणूस, तुरुंग, मरण. घडणही साधी. पुष्कळ गाण्यांत एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि मग तिला उत्तर द्यायचे. आमच्या माताभगिनींना यात नवे ते काय वाटणार? जात्यावरची बाईही ओवीची ओळ पुन्हा घोळविते, तोवर जाते फेरा घेते आणि पुढची ओळ ओठांवर येते.

जॅकच्या संग्रहात ब्लाइंड लेमन जेफरसन याचे एक पुराचे गाणे आहे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला आणि लाखो माणसे घरांस मुकली. त्याच वर्षी हे गाणे मुद्रित झाले. वाळवंटीचे पाणी उंबऱ्याला लागलेले ज्यांनी पाहिले आहे, त्या डिचोली-साखळीकडील आमच्या वाचकांस त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्याच महालात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. त्याचे गाणे कोणी रचले काय? रचले असल्यास आमच्या कानी आलेले नाही. कोणास ठाऊक असेल त्याने अवश्य कळवावे.

मृत्यू कोणावर दया करीत नाही, असे सांगणारे रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांचे गीतही त्यात आहे. मृत्यूवर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने केली. हे गीत ऐकल्यावर त्यांतील बरीचशी फार लांबली होती, असे वाटू लागले.

डॉक्टरच्या गोऱ्या मुलाने गरीब काळ्या माणसांचे दुःख गावे काय, अशी शंका प्रथम आमच्याही मनात आली. परंतु जॅक त्या गायकांची नक्कल करीत नाही. आवाज खरखरीत आहे, कोठे कोठे थकलेला आहे, आणि तो थकवा त्याने लपविलेला नाही. म्हाताऱ्या माणसाने दुसऱ्याचे पत्र वाचून दाखवावे तसा तो गातो. हे गाणे आपले नव्हे याची जाणीव गाणाऱ्याला असली म्हणजे आमची हरकत संपते.

ही तबकडी ऐकल्यावर आम्हांस आमच्या वाड्यावरील एका वृद्ध माउलीची आठवण झाली. तिच्या ओव्या टिपून घेण्याचे आम्ही तीन वर्षांपूर्वी कबूल केले होते आणि आज-उद्या करीत राहिलो होतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावे पालथी घालून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आणि आम्हांस इगर्जेपासून चार घरे ओलांडवली नव्हती! दुसऱ्याच दिवशी गेलो. माउलीने नकार दिला. “फादर, जाते फिरल्यावाचून ओवी कशी येणार?” असे तिने आम्हांसच विचारले.

तिचे जाते माडाच्या आळ्यापाशी पालथे पडले होते, त्यावर शेवाळ धरले होते. सुनेने व शेजारणीने ते उचलून धुतले. खुंटा नव्हता, म्हणून पेरूची काठी तासून ठोकली. मूठभर तांदूळ घातले. आजीने एक पाय लांब केला, खुंट्याला हात घातला, आणि प्रथम काहीच नाही, केवळ दगडाची घरघर. मग ओवी आली. माहेराची, नंतर भावाची, नंतर सायबिणीची. अकरा ओव्या झाल्या. बाराव्या ओवीत तिने तारवावर गेलेल्या आणि तिकडेच वारलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे नाव घातले. सून म्हणाली, ही ओवी आपण पूर्वी कधी ऐकली नाही. पहिली ओळ आजीने दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली, आणि हात थांबला.

आम्ही ते सारे मोबाइलवर टिपून घेतले आहे. बाराव्या ओवीची दुसरी ओळ त्यात नाही. पीठ सुनेने सुपात भरून ठेवले, आणि आजीने आम्हांस पुढच्या सोमवारी यावयास सांगितले आहे.