चार याद्यांतला बर्थलमय

पेत्र, योहान, थोमा सर्वांच्या परिचयाचे. येशूचा हा शिष्य बर्थलमय मात्र नव्या करारात फक्त बारा शिष्यांच्या चार याद्यांत भेटतो. तोंडी एक वाक्यही नाही. तरी चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो, की अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँटेनस 'इंडिया'त गेला, तेव्हा बर्थलमयाने मागे ठेवलेले, हिब्रू लिपीतले मत्तयाचे शुभवर्तमान तिथल्या ख्रिस्ती लोकांकडे होते. काही अभ्यासकांनी हे स्थळ थेट आपल्या कल्याणशी जोडले. मोह पडावा असाच तर्क! पण त्या काळच्या लेखकांचा 'इंडिया' अरबस्तान-इथिओपियापर्यंत ऐसपैस पसरलेला असे. शिवाय आर्मेनियन चर्चही बर्थलमयाला, प्रेषित तद्दयाच्या जोडीने, आपला संस्थापक मानते. कल्याणचा दावा आम्हाला कच्चाच वाटतो. बंदर मात्र खरे: पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेनुसार तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.