गवंड्याला वाचता न येणारा कायदा

बांधकामाचे नियम कारकुनांची सोय व्हावी म्हणून निर्माण झाले, अशी समजूत आपल्या सुशिक्षित समाजात बरीच रूढ आहे. सज्जा दोन हात पुढे काढण्यास हरकत घेतली गेली की मोठमोठे विद्वानही नियमांच्या नावाने बोटे मोडू लागतात. ही समजूत आम्हांस मान्य नाही. परंतु ती रुजण्यास खुद्द नियमकर्तेच कारण झाले आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट वाचकांनी आठवावी. अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे झोपी गेली होती. चारच्या सुमारास किल्लारी व भोवतालची गावे ढिगाऱ्यांखाली गेली. हजारो माणसे दगावली. ती भूकंपाने मेली असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः त्यांस त्यांच्या घरांनी मारले. जाडजूड भिंत, पण तिचे आतला व बाहेरला असे दोन पदर, मध्ये दगडगोटे व माती, आणि डोक्यावर मातीचे जडशीळ माळवद! हादरा बसताच पदर सुटले आणि माळवद निजलेल्यांवर आले. ह्यावरचा एक उपाय किती साधा आहे पाहा: भिंतीच्या जाडीइतका लांब दगड, दर दोन फूट उंचीवर, चार चार फुटांच्या आत, आरपार बसवावा. दगडमातीच्या घरांसाठी 1993 सालीच निघालेल्या भारतीय मानकात तो नमूद आहे. त्यास सिमेंट लागत नाही की इंजिनिअर लागत नाही. गवंड्यास ठाऊक असले म्हणजे पुरे.

आणि गवंड्यास ते कळावे कसे? मानक इंग्रजीत; शिवाय कित्येक वर्षे ते दाम मोजल्यावाचून हाती पडत नसे. राष्ट्रीय बांधकाम संहिता 1970 साली प्रथम निघाली. ती स्वतः कायदा नव्हे. पण स्थानिक नियमांनी तिचा हवाला दिला की ती बंधनकारक होते. जे पाळलेच पाहिजे ते विकत घेऊन वाचावे, हा न्याय अजबच म्हणावयाचा! टेक्सासातील दोन लहान गावांच्या बांधकामसंहिता एका गृहस्थाने महाजालावर मांडल्या, तेव्हा त्या रचणाऱ्या संस्थेने स्वामित्वहक्क पुढे केला. संहिता एकदा कायदा झाली की त्या कायद्यावर कोणाची मालकी नाही, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने 2002 साली दिला. आपल्याकडेही मानके आता विनामूल्य मिळू लागली आहेत. ठीक झाले; पण किल्लारीच्या गवंड्यास फुकट मिळालेले इंग्रजी हे विकतच्या इंग्रजीइतकेच दुर्बोध!

कोणी म्हणेल, हा विषय तज्ज्ञांचा. सामान्यांच्या हाती पडल्यास अनर्थ होईल. तज्ज्ञांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि ज्या नकाशावर किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता, तोही तज्ज्ञांचाच होता. भूकंपानंतर, 2002 साली, तो पट्टाच रद्द करावा लागला. चूक होणे हा त्यांचा अपराध नव्हे. पण नियम ज्यांच्यासाठी आहेत त्यांस ते वाचताच येत नसतील, तर चूक दाखविण्यास प्रेतेच पुढे यावयाची काय?

आमचे मागणे फार नाही. घरबांधणीपुरती दहा-वीस पाने सोप्या मराठीत, चित्रांसह छापावी, व ती ग्रामपंचायतीत आणि सिमेंटविक्रेत्याच्या दुकानी ठेवावी. खर्चाचे रडगाणे गाणाऱ्यांनी प्रथम सरकारी जाहिरातींचे फलक मोजून यावे.